आजी नातीशी बोलत होती: आठवीच्या वर्गातल्या पॉडकास्टचं एक प्रकरण

पुण्यातल्या पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवीला मराठी शिकवते. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पटावर ४१ मुलं होती आणि तासिका ३५ मिनिटांची. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी कामाला गुण असतात. प्रत्येकाला नुसती दोन मिनिटं बोलू द्यायचं म्हटलं तरी ८२ मिनिटं लागतात, म्हणजे दोन तासिका पूर्ण जाऊन तिसरीही सुरू होते. मग वर्षानुवर्षं व्हायचं ते असं: हात वर करणारी सात-आठ मुलं बोलतात आणि बाकीच्यांच्या नावापुढे आपण अंदाजाने आकडा टाकतो. मीही टाकत आले. पॉडकास्टचा विचार तिथून आला. मूल त्याच्या वेळेला बोलेल, मी माझ्या वेळेला ऐकेन. ज्याला गुण द्यायचे त्याचा आवाज निदान एकदा तरी माझ्या कानावर पडेल.

उपक्रमाच्या मध्यावर माझ्या हातून एक चूक झाली आणि एका घरातली साठ वर्षांची मिटलेली गोष्ट चव्हाट्यावर आली. वर्गात ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या शिक्षकांना ती चूक आधीच दिसावी, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आदरणीय व्यासपीठ

सुरुवात अगदी साधी केली. मुलांना शाळेत मोबाइल आणायची परवानगी नाही, त्यामुळे माझा फोन आणि एका सहकाऱ्याने दिलेला जुना फोन, एवढंच साहित्य. वर्गात मुद्रण करणं अशक्य होतं. पंखा, शेजारच्या वर्गातले पाढे, रस्त्यावरचे हॉर्न आणि पत्र्यावरचा पाऊस. शेवटी खेळाच्या साहित्याची खोली मिळाली. तिथे कसरतीच्या गाद्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्याच. दोन मुलींनी घरून गोधड्या आणल्या, त्या खिडकीवर आणि दारावर टांगल्या. आवाज भिंतीवर आपटून परत येतो तेव्हा मुद्रणात घुमल्यासारखा ऐकू येतो. कापड तो शोषून घेतं. या गोधड्यांनी जे काम केलं ते कुठल्याही महागड्या माइकने केलं नसतं.

पहिला विषय दिला ‘माझा आवडता ऋतू’. दहा मुलांचं मुद्रण ऐकलं आणि मी खचले. प्रत्येक जण वक्तृत्व स्पर्धेत उभा होता. आवाज चढवलेला, प्रत्येक वाक्याचा शेवट लांबवलेला. एकाने तर गाद्यांच्या त्या खोलीत, समोर मी एकटी असताना, ‘आदरणीय व्यासपीठ’ अशी सुरुवात केली. त्याचा दोष नाही. मोठ्याने बोलण्याचा एवढा एकच नमुना आम्ही त्याच्यापुढे ठेवला आहे. आणखी एक मुलगा दोन वाक्यांनंतर थांबला तो थांबलाच. त्याचे आईवडील मराठवाड्यातून कामासाठी पुण्यात आलेले. घरी तो ‘आलतो’, ‘गेलतो’ म्हणतो; इथे तो प्रत्येक क्रियापद तोंडात आधी दुरुस्त करत होता आणि तेवढ्यात वाक्याचा धागा सुटत होता.

मुलांना त्यांचं मुद्रण ऐकवलं तर निम्म्यांनी कानांवर हात ठेवले. ‘बाई, हा माझा आवाज नाहीच.’ आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानात येतो, तसा कवटीच्या हाडांमधूनही आत पोचतो, म्हणून आपल्याला तो भारदस्त वाटतो. मुद्रणात फक्त हवेतला उरतो. एवढं सांगितल्यावर वर्ग शांत झाला. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की मुलांना बोलायला लावण्याआधी ऐकायला लावायचं. भाषण बंद, मुलाखत सुरू.

विषय: पाणी

जुलै तोंडावर होता. पुण्यात जुलै म्हणजे १२ जुलै १९६१. मुठेची उपनदी आंबी, तिच्यावरचं पानशेत धरण. काम पुरतं संपलेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी साठलं. ते फुटू नये म्हणून जवानांनी वाळूची पोती रचून झुंज दिली, तरी सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्याने खाली एकोणिसाव्या शतकातलं खडकवासल्याचं दगडी धरणही फोडलं. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, लकडी पुलावरून गेलं, वाडे बसले. शिवाय ज्या धरणातून शहर पाणी पीत होतं तेच नाहीसं झाल्यामुळे पूर ओसरल्यावर प्यायला पाणी नव्हतं. वाड्यांतल्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणाव्या लागल्या. हे सगळं आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर घडलं आणि वर्गातल्या बहुतेकांना ‘पानशेत’ म्हणजे रविवारी बोटिंगला जायची जागा एवढंच माहीत होतं.

तो दिवस डोळ्यांनी पाहिलेल्या, तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या माणसांनी आता सत्तरी ओलांडली आहे. हे आवाज आणखी किती वर्षं मिळणार? म्हणून विषय ठरवला: घरातल्या किंवा ओळखीच्या वयस्क माणसाला पाण्याची एक आठवण विचारा. पुराची, टंचाईची, विहिरीची, नळाच्या रांगेची, कुठलीही.

‘आलतो-गेलतो’ म्हणणारा तो मुलगा इथे फुलला. त्याने गावाकडच्या आजोबांना फोनवरून १९७२च्या दुष्काळाबद्दल विचारलं. स्पीकरवरचा खरखरता आवाज, मध्येच बैल हाकल्याचा आवाज. आजोबांनी दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी सांगितली, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी सांगितली, तिची भाकर कशी थापताना तुटायची ते सांगितलं. आजोबांशी बोलताना नातवाने एकही क्रियापद दुरुस्त केलं नाही. वर्गाने ते मुद्रण तीन वेळा ऐकलं. चौथ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘तुटायची म्हणजे नेमकी कशी?’ आणि तो फळ्यापाशी येऊन हातांनी दाखवून गेला. त्या मुलाला तोंडी कामात मी आजवर किती गुण देत आले होते, ते इथे लिहायला मला वाईट वाटतं.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात सांगते, कारण त्यात अवघड असं काही नाही. फोन तोंडापासून एक वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरायचा, नाही तर फ, भ, ख यांचा श्वास थेट माइकवर आदळून फटका बसल्यासारखा आवाज येतो. सुरू करताना पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. त्या शांततेत खोलीची जी गुणगुण मुद्रित होते, तिचा नमुना देऊन ऑडॅसिटी या मोफत संगणक प्रणालीत तेवढीच गुणगुण नंतर कमी करता येते. फाइल एमपी-थ्री, मोनो, ६४ केबीपीएस. बोलण्याला एवढं पुष्कळ होतं आणि एक मिनिट साधारण अर्ध्या एमबीत बसतं, त्यामुळे पालकांच्या फोनवर भार पडत नाही.

काटेकोर बोलायचं तर आम्ही केलं ते पॉडकास्ट नव्हतंच. हा शब्द २००४मध्ये गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्रात बेन हॅमर्सली यांच्या लेखात पहिल्यांदा छापून आला. पॉडकास्टची खूण म्हणजे त्याची फीड: एकदा वर्गणीदार झालात की नवा भाग आपोआप तुमच्याकडे येतो, आणि ती कुणालाही खुली असते. आम्ही भाग वर्गाच्या व्हॉट्सॲप गटापुरते ठेवणार होतो. मुलं मात्र अभिमानाने पॉडकास्टच म्हणत आणि मला ते मोडवत नव्हतं. शाळांसाठी शैक्षणिक चित्रफिती बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था पुण्यातच १९८४मध्ये सुरू झाली होती, आकाशवाणी तर त्याहून जुनी. आमच्या पिढीला शाळेतले ध्वनी आणि चित्र बाहेरून तयार होऊन मिळत. ते आपण स्वतः बनवायचं, ही गोष्ट या मुलांना नवी होती आणि मलाही.

ती मुलाखत

वर्गातली सर्वांत अबोल मुलगी तिच्या आजीची मुलाखत घेऊन आली. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही ही मुलगी मान खाली घालते. मुद्रण ३८ मिनिटांचं होतं. पहिल्या मिनिटातच माझ्या लक्षात आलं की या मुलीला विचारता येतं. ती कमी बोलते, म्हणून समोरचा जास्त बोलतो. आजी थांबली की तीही थांबते. घाईने दुसरा प्रश्न टाकत नाही.

आजी तेव्हा दहा वर्षांची, ओंकारेश्वराजवळच्या एका वाड्यात राहणारी. तिने सांगितलेल्या दोन गोष्टी मी जन्मभर विसरणार नाही. पाणी बोळात शिरलं तेव्हा एक पितळी घागर उभीच्या उभी तरंगत गेली, ‘कुणीतरी कमरेवर घेऊन चालल्यासारखी’. आणि पूर ओसरल्यावरचा वास. चिखलाचा वास काय, सवयीने जातो, ती म्हणाली. गेला नाही तो भिजून आंबलेल्या धान्याचा. नंतर ते निसन हटमध्ये राहिले, मग गोखलेनगर. ‘निसन हट म्हणजे काय गं?’ नातीने विचारलं. ‘पिंप उभं चिरून आडवं ठेवलं तर कसं दिसेल? तसलं घर. उन्हाळ्यात आत भाजून निघायचं.’

सव्विसाव्या मिनिटाच्या आसपास नातीने विचारलं, ‘घरातलं काय काय गेलं?’ आजी गप्प झाली. घड्याळ लावून पाहिलं तर अकरा सेकंद. मग तिने पत्र्याच्या एका पेटीची गोष्ट सांगितली. तिच्या आईचे दागिने त्या पेटीत होते. पेटी पाण्यात गेली असं घरात सांगितलं गेलं. पण पेटी घेऊन सगळ्यांच्या आधी पर्वतीकडे कोण निघालं होतं हे आजीने स्वतः पाहिलं होतं. तिचा चुलता. त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणं तुटलं. आजीने चुलत्याचं नाव घेतलं, वाड्याचं नाव घेतलं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, ‘जाऊ दे, आता कोण राहिलंय.’

मी ते रात्री साडेदहाला, भांडी आवरून झाल्यावर ऐकलं. डोळे भरून आले. वर्गातल्या सगळ्यांनी हे ऐकायलाच हवं असं वाटलं, आणि तसंच्या तसं, न कापता, मी ते वर्गाच्या गटावर टाकलं. त्या गटात मुलांचे पालक आहेत. मुलीला विचारलं नाही. आजीला विचारायचं तर सुचलंही नाही.

तिसऱ्या दिवशी

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिपाईमामा निरोप घेऊन आले, कुणी भेटायला आलंय. मुलीचे वडील आणि आजी. वडील चिडलेले होते. मुद्रण एका पालकाने कौतुकाने पुढे पाठवलं, त्यांच्याकडून आणखी कुणी, आणि पेठेतली माणसं पुण्यात कितीही पांगली तरी एकमेकांना ओळखतात. चुलत्याच्या नातवापर्यंत ते पोचलं होतं. रात्री त्याचा फोन आला होता, आवाज चढवून: आमच्या मेलेल्या आजोबांना चोर म्हणता?

मी संमतिपत्रं पुढे केली. सगळ्या ४१ पालकांच्या सह्या माझ्याकडे होत्या. मुलांचा आवाज मुद्रित करायचा म्हणून मी जूनमध्येच घेतल्या होत्या. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची तरतूद आहे, हे मला ठाऊक होतं आणि तेवढी काळजी घेतली याचं समाधानही होतं. वडिलांनी कागद वाचला आणि म्हणाले, ‘बाई, ही सही माझ्या मुलीसाठी आहे.’

आजी तोवर काहीच बोलली नव्हती. मग शांतपणे म्हणाली, ‘मी नातीशी बोलत होते हो. गावाशी नाही.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. गटावरचा संदेश सगळ्यांसाठी काढून टाकला, पण पुढे गेलेल्या प्रती त्याने परत येत नाहीत. त्या ज्याच्या त्याच्या फोनमध्ये राहतात. पालकांना एकेक फोन करून ते मुद्रण पुसायची विनंती केली. बहुतेकांनी पुसल्याचं सांगितलं. मुख्याध्यापकांना सगळं लेखी दिलं. त्यांनी उपक्रम बंद करायला सांगितला नाही, फक्त एक प्रश्न विचारला: बोलणाऱ्या माणसाने हे ऐकलं होतं का?

आमची सगळी घडण मुलांभोवती असते. मुलांची सुरक्षितता, मुलांची संमती, मुलांचे गुण. माझ्या कागदांत आजी कुठेच नव्हती, कारण ती शाळेची नव्हे. पण त्या ३८ मिनिटांत मुलीचा आवाज तीन मिनिटंही नाही. बाकी सगळं आजीचं. मुलाखतीवर आधारलेला कुठलाही शालेय उपक्रम अशा शाळेबाहेरच्या माणसांच्या भरवशावर उभा असतो आणि ती माणसं आपल्या नातवंडाचा गृहपाठ व्हावा म्हणून मन मोकळं करतात. फोन सुरू आहे हे त्यांना दिसतं. पण आपलं बोलणं कुठवर जाईल याचा अंदाज त्यांना येत नाही. तो अंदाज देणं माझं काम होतं.

त्या मुलीचं काय झालं हे मला सर्वांत जास्त खात होतं. दोन दिवस ती शाळेत आली नाही. आली तेव्हा आपल्यामुळे आजी रडली असं तिला वाटत होतं. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की चूक माझी आहे, तिने मुलाखत उत्तम घेतली होती, आणि हेच मी वर्गासमोरही सांगितलं. त्यावर ती म्हणाली, ‘मग आजीला ऐकवूया का? ती म्हणेल तेवढंच ठेवू.’

खेळाच्या खोलीत आजी

ऑगस्टच्या एका शनिवारी, शाळा सकाळची असते म्हणून सुटल्यानंतर, आजी आली. कसरतीच्या गादीवर बसता येईना म्हणून खुर्ची आणली. नातीने तिच्या कानांना हेडफोन लावून दिले, पदर अडकत होता तो सरकवला. आजीने आपला आवाज पहिल्यांदा ऐकला आणि आमच्या वर्गातल्या मुलांसारखीच म्हणाली, ‘ही मी?’

मग दोघींनी कापायला सुरुवात केली. पडद्यावर आवाजाची रेघ डोंगरांसारखी दिसते, शांतता सपाट. नात दाखवत होती, आजी बोट ठेवत होती: हे राहू दे, हे काढ. चुलत्याचं नाव गेलं, वाड्याचं नाव गेलं, पेटी घेऊन कोण निघालं ते सगळं गेलं. ‘पेटी गेली’ एवढे दोनच शब्द आजीने ठेवले. त्याच्या आधीची अकरा सेकंदांची शांतता नात काढायला निघाली, तर आजीने तिचा हात धरला. ‘ते असू दे. तेवढं माझं आहे.’

एक अडचण वाराची निघाली. आजी म्हणते तो दिवस गुरुवार होता, कारण आईचा उपास होता. मुलीने जुनं कॅलेंडर काढून पाहिलं होतं: १२ जुलै १९६१ म्हणजे बुधवार. दुरुस्त करायचं का? मी काही बोलले नाही, त्या दोघींवर सोडलं. आजी आपल्या गुरुवारावर ठाम राहिली. मुलीने स्वतःच्या आवाजात एक वाक्य जोडलं: ‘आजीला गुरुवार आठवतो. कॅलेंडरमध्ये बुधवार आहे.’ बस. आठवण आणि नोंद यांच्यातला फरक शिकवायला मी एक अख्खी तासिका घेतली असती आणि तरी इतकं स्वच्छ झालं नसतं.

विरामचिन्हांचंही तसंच. ‘म्हणून’ आणि पुढचं वाक्य यांच्यामधला श्वास कापला तर आजी घाईत असल्यासारखी वाटते, ठेवला तर विचार करत असल्यासारखी, हे त्या मुलीने माउसने दहा वेळा करून पाहिलं. स्वल्पविराम कुठे द्यावा हे ती नंतर वहीतही बरोबर लिहू लागली.

वर्गासाठी मी नियम बदलला. आता संमतिपत्र दोन असतात, एक मुलाच्या पालकांचं आणि एक बोलणाऱ्या माणसाचं. दुसरं मुलाखतीआधी भरून घ्यायचं नाही. भाग कापून तयार झाला, त्या माणसाने तो शेवटपर्यंत ऐकला, की मग. त्यावर एकच वाक्य छापलं आहे: ‘मी हे ऐकलं आहे आणि वर्गाने ऐकायला माझी हरकत नाही.’ आणि भाग गटावर जात नाहीत. शनिवारी वर्गात स्पीकरवर ऐकतो. ज्या पालकांना ऐकायचं ते येतात. याने वेळ वाढतो. गणपतीच्या सुट्टीपर्यंत ४१पैकी २३ मुलांचेच भाग पूर्ण झाले, बाकीच्यांचे गुण दुसऱ्या सत्रात गेले. तीन आजोबांनी आणि एका मावशींनी ऐकल्यावर सही द्यायला नकार दिला. त्या चार मुलांना मी मुलाखत घेण्याचे पूर्ण गुण दिले.

चुलत्याच्या नातवाचा आणि त्या घराचा अबोला अजून तसाच आहे. त्यात मी काही करू शकले नाही.

आजीचा भाग ४ मिनिटं ५० सेकंदांचा झाला. तिने सही केली, मराठीत, पूर्ण नाव. मूळ ३८ मिनिटांचं काय करायचं, हे नातीने विचारलं. आम्ही ते एका पेन ड्राइव्हवर घेतलं, मग आजीच्या समोर माझ्या फोनमधून, संगणकातून आणि कचराकुंडीच्या फोल्डरमधूनही पुसलं. पेन ड्राइव्ह आजीच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात, औषधांच्या डबीशेजारी ठेवला.